शनिवारची गाडी, रविवारचा वर्ग: नोकरी सांभाळून मानसोपचार आणि संमोहन शिकताना

"मॅडम, तुम्ही माणसाला झोपवून सगळं वदवून घेतात म्हणे?" अमळनेरच्या बाजारात वांगी निवडताना हा प्रश्न मला कितीदा तरी आला आहे. पूर्वी मी तिथेच उभी राहून समजावत बसायची. आता पिशवी पुढे करत एवढंच म्हणते, की झोपलेल्या माणसाशी बोलून मला काय मिळणार?

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. सहा वर्षांचे बहुतेक शनिवार-रविवार घालून मी समुपदेशन, मानसोपचाराची एक पद्धत आणि शेवटी संमोहन शिकले. आज शाळा सुटल्यावर आठवड्यातून तीन संध्याकाळी लोकांना भेटते. हे शिकायला कुठून सुरुवात करायची, असं विचारणारे दर महिन्याला दोघे-तिघे तरी भेटतात: नर्स, शिक्षक, होमिओपॅथीचे डॉक्टर, बँकेतून निवृत्त झालेले एक काका. त्यांना सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी पाटीवरचे शब्द सोडवून घ्या

मराठीत एक घोळ आहे. इंग्रजीत सायकोथेरपिस्ट (बोलून उपचार करणारा) आणि सायकिअॅट्रिस्ट (मनाच्या आजारांवर औषधं देणारा डॉक्टर) हे दोन वेगळे शब्द आहेत; आपल्याकडे दोघांनाही 'मानसोपचारतज्ज्ञ' म्हटलं जातं. पण चोपड्याच्या किंवा शिरपूरच्या माणसाने पाटीवर मानसोपचारतज्ज्ञ वाचलं, की त्याच्या डोळ्यांपुढे गोळ्या लिहून देणारा डॉक्टरच येतो. म्हणजे एमबीबीएसनंतर मानसरोगशास्त्रात एमडी केलेला. तुम्ही तो नसाल तर हा शब्द वापरू नका. 'समुपदेशक' लिहा आणि खाली आपलं शिक्षण खरं तेवढं लिहा. दिसायला साधी गोष्ट, पण पुढची अर्धी भांडणं इथेच टळतात.

'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' हे नाव तर थेट कायद्याने राखलेलं आहे. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्यानुसार केंद्रीय नोंदवहीत नाव असल्याशिवाय ते लावता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातही या पदाची व्याख्या आहे. आतापर्यंत तिथे पोहोचायची ओळखीची वाट म्हणजे एम.ए. नंतरची दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. मोडीत निघाली आणि परिषद तिच्या जागी नवे अभ्यासक्रम आणते आहे. अभ्यासक्रम कोणताही असो, नोकरी करत शनिवार-रविवारी तो होत नाही. तिथे रुग्णालयात पूर्णवेळ उमेदवारी करावी लागते. कोणी 'अर्धवेळ क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हा' अशी जाहिरात करत असेल, तर पुढचं वाचूच नका.

मग उरतं काय? समुपदेशन आणि मानसोपचाराच्या पद्धती शिकून, मर्यादेत राहून काम करणं. संमोहनाबद्दल केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २००३ मध्ये राज्यांना कळवलेली भूमिका अशी आहे: संमोहन हा उपचाराचा एक मार्ग आहे, ती स्वतंत्र वैद्यकशाखा नव्हे. नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिक किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेली माणसं तो वापरू शकतात. या एका पत्राच्या जोरावर 'सरकारमान्य संमोहनतज्ज्ञ' अशी प्रमाणपत्रं छापणारे बरेच निघाले आहेत. पत्रात कोणत्याही वर्गाला मान्यता दिलेली नाही. नावापुढे 'डॉ.' लावण्याचा तर प्रश्नच नाही.

जुनी वाट बंद झाली, हे कोणी सांगत नाही

माझ्या पिढीने मानसशास्त्राचं एम.ए. दूरस्थ पद्धतीने केलं. पुस्तकं पोस्टाने यायची, परीक्षेला जळगावला जायचं. आजही लोक एकमेकांना तोच सल्ला देतात. तो आता चालत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्यसेवेशी जोडलेले विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवणं थांबवायला सांगितलं. यामागे २०२१ चा कायदा आहे. त्याने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमला, आणि क्लिनिकल सोडून इतर मानसशास्त्रज्ञ व समुपदेशकांचे काही प्रकार त्या यादीत आणले. म्हणजे आज मोकळं वाटणारं हे रान उद्या नोंदणीच्या कुंपणात येणार आहे. त्या दिवशी प्रत्यक्ष वर्गात बसून घेतलेली पदवी हाती असलेली बरी. आधी पैसे भरून बसलात आणि मग कळलं, असं होऊ देऊ नका.

खान्देशात राहून काय करता येईल? कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेतल्या ज्या महाविद्यालयांत मानसशास्त्राचा पदव्युत्तर विभाग आहे, तिथे स्वतः जाऊन वेळापत्रक बघा. फोनवर विचारलं तर 'रेग्युलर आहे' एवढंच उत्तर मिळतं. आपल्याकडच्या बऱ्याच कला महाविद्यालयांत तासिका सकाळी उरकतात. तुमची शाळा दुपारच्या सत्रात असेल किंवा रुग्णालयात पाळ्या बदलून मिळत असतील, तर दोन वर्षं ओढाताण करून निभतं. हजेरीची अट किती टक्क्यांची आणि ती कोण बघतो, हे प्रवेशाआधी विचारा. आपल्या संस्थेकडून ना-हरकत लेखी घ्या. तोंडी 'करा हो मॅडम, काही हरकत नाही' म्हणणारे मुख्याध्यापक बदलून जातात.

सरकारी नोकरीत असाल तर आणखी एक. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियमांनुसार पूर्वपरवानगीशिवाय खासगी व्यवसाय करता येत नाही. शिकायला अडचण नसते, फी घेताना असते. माझी एक मैत्रीण आरोग्य विभागात आहे. ती आजही पैसे न घेता, आपल्याच कामाचा भाग म्हणून हे करते आणि तिच्याकडे माझ्यापेक्षा जास्त माणसं येतात.

तीन दिवसांत 'मास्टर'

माझी सुरुवात चुकीची झाली, तीही सांगून टाकते. एका मोठ्या शहरातल्या हॉटेलच्या सभागृहात तीन दिवसांचा वर्ग होता. पहिल्या दिवशी टाळ्या, दुसऱ्या दिवशी रडारड, तिसऱ्या दिवशी सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र. मला डोळे मिटवून घेणं, आकडे मोजणं, हात हलका होतोय म्हणणं हे सगळं आलं. घरी येऊन मी शेजारच्या मावशींवर सराव केला. त्यांना नुसतं शांत वाटावं एवढाच हेतू. पाचव्या-सहाव्या मिनिटाला त्या हुंदके देऊन रडायला लागल्या आणि मेलेल्या मुलाचं नाव घेऊ लागल्या. मला पुढचं काहीच माहीत नव्हतं. मी घाबरून 'उठा, उठा' म्हणत त्यांचा खांदा हलवला. त्या उठल्या, पण दोन दिवस त्यांनी धड खाल्लं नाही. डोळे मिटवायला तीन दिवस पुरतात. मिटलेल्या डोळ्यांतून जे वाहतं ते सांभाळायला काय लागतं, ते तिथे कोणी शिकवलंच नव्हतं.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी ऐकायला शिका, मग मानसोपचाराची एक पद्धत नीट शिका, मग संमोहन. हा काही माझाच हट्ट नाही. संमोहनासाठी गाजलेले मानसरोगतज्ज्ञ मिल्टन एरिक्सन यांनी १९५७ मध्ये स्थापन केलेली अमेरिकेतली क्लिनिकल हिप्नॉसिसची संस्था आरोग्यक्षेत्रातल्या परवानाधारक माणसांनाच प्रशिक्षण देते. आधी तुमचा मूळ व्यवसाय, मग हे हत्यार. दाताच्या डॉक्टरने संमोहन शिकलं तर तो दातच बघणार.

वर्ग निवडताना मी आता एक साधा गज लावते. ब्रिटनमध्ये पूरक उपचार करणाऱ्यांची जी ऐच्छिक नोंदवही आहे, ती संमोहन-उपचारकाकडून किमान ४५० तासांचा अभ्यास मागते आणि त्यांतले १२० तास शिक्षकासमोर प्रत्यक्ष. आपल्याकडे हे बंधनकारक नाही, पण तीन दिवसांचे फार तर चोवीस तास होतात. फरक उघड आहे. वर्ग चालवणाऱ्याला विचारा: सरावाच्या वेळी देखरेख कोण करणार? वर्ग संपल्यावर अडलो तर कोणाला विचारायचं? कोणत्या माणसावर संमोहन करू नये, यावर किती वेळ शिकवता? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा हसला, तर आलेल्या गाडीने परत या.

'मागचा जन्म' दाखवणाऱ्या वर्गांबद्दल एवढंच: संमोहनात आठवणी जास्त खऱ्या होत नाहीत. माणूस त्या जास्त ठामपणे सांगतो, हीच तर अडचण आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९८५ मध्येच सांगून ठेवलं, की संमोहनाने ताजी केलेली आठवण भरवशाची नसते. सूचना देणाऱ्याच्या मनातलं चित्र ऐकणाऱ्याच्या आठवणीत जाऊन बसतं. घरात वाटणीचा वाद चालू असताना कोणाला 'लहानपणी काकांनी माझ्यावर काहीतरी केलं' असं संमोहनात 'आठवलं', तर त्या घराचं काय होईल याचा विचार करा.

कोणती पद्धत शिकावी

मी विवेकनिष्ठ विचारपद्धती घेतली, म्हणजे आपले अविवेकी विचार तपासून, बदलून भावना सावरायच्या. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली ही आरईबीटी महाराष्ट्रात रुजली त्याचं मोठं श्रेय कि. मो. फडके यांना जातं. त्यांनी न्यूयॉर्कच्या एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून तिचा अभ्यास केला आणि ती मराठीत आणली. दूर राहून शिकता येत नाही असं कोणी म्हणालं, की मला ते आठवतात. आणखी एक सोय म्हणजे या पद्धतीवर मराठीत भरपूर लिहिलं-बोललं गेलं आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली ठाण्याची मानसिक आरोग्य संस्था, म्हणजे आयपीएच, याच पठडीतली. जळगावहून ठाणे रात्रीच्या गाडीने गाठता येतं.

आरॉन बेक यांची सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलून त्रास कमी करणारी पद्धत, घेतलीत तरी हरकत नाही. दोन्ही सख्ख्या चुलत बहिणी. फिलाडेल्फियाची बेक इन्स्टिट्यूट आणि न्यूयॉर्कची एलिस इन्स्टिट्यूट दोन्ही ऑनलाइन प्रशिक्षण देतात. पैसे डॉलरमध्ये मोजावे लागतात आणि वेळ त्यांच्या घड्याळाची. एकच पद्धत धरा. दर सहा महिन्यांनी नवी पद्धत शिकणारे खूप भेटतात. त्यांची भिंत प्रमाणपत्रांनी भरते, पण समोरचा रडायला लागला की हात कुठे ठेवावा ते कळत नाही.

संमोहन या पद्धतींच्या हातात हात घालून चालतं. विचार वहीत लिहून तपासले, नवा विचार सापडला, की तो शांत अवस्थेत मनात घोळवायला संमोहनाची मदत होते. परीक्षेची भीती, इंजेक्शनची भीती, दुखणं सहन करणं, आतड्याच्या क्षोभाचा आजार (आयबीएस) यांत त्याचा चांगला उपयोग होतो. कोणते उपचार वापरावेत हे सुचवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २००८ च्या सूचनांत तर असं आहे, की आयबीएसच्या रुग्णाला वर्षभर औषधांनी आराम पडला नाही तर इतर मानसोपचारांबरोबर संमोहनाचाही विचार करावा. उलट बिडी-सिगारेट सोडवण्यासाठी संमोहन इतर उपायांपेक्षा सरस आहे, असा ठाम पुरावा नाही. 'एका बैठकीत तंबाखू बंद' ही पाटी मी लावत नाही, ती यामुळे.

आठवड्याचा हिशेब

४५० तास ऐकायला मोठे वाटतात. आठवड्याला सहा तास काढले तर पंच्याहत्तर आठवडे, म्हणजे सणवार, लग्नसराई धरून दोन वर्षं. मी मंगळवार-गुरुवारी रात्री दीड-दीड तास वाचन आणि रविवारी तीन तास सराव असं बसवलं होतं. कानबाईच्या रोटांच्या, म्हणजे आमच्या खान्देशी सणाच्या, दिवसांत आणि दहावीच्या परीक्षेत सगळं कोलमडायचं. ते आधीच गृहीत धरा.

खर्चात फी दिसते, प्रवास दिसत नाही. आपल्याकडून मुंबईचा रेल्वेमार्ग जवळपास ४२० किलोमीटरचा. शनिवारी दुपारची शाळा करून जळगाव, रात्रीची गाडी, पहाटे ठाणे किंवा कल्याण, दिवसभर वर्ग, रविवारी रात्री परत आणि सोमवारी सकाळी तारवटलेल्या डोळ्यांनी प्रार्थना. दर महिन्याला एकदा हे जमतं, दर आठवड्याला नाही. म्हणून महिन्यातून एक शनिवार-रविवार प्रत्यक्ष आणि मधले वर्ग ऑनलाइन, अशी रचना असलेला कोर्स शोधा. आरक्षण चार्ट लागेपर्यंत प्रतीक्षा यादीतच राहिलं, म्हणून माझे दोन वर्ग बुडाले. तेव्हापासून वर्गाच्या तारखा हाती आल्या, की त्याच दिवशी तिकीट.

सरावाला तिघांचा गट हवा. एक उपचारक, एक समोर बसणारा आणि एक नुसता बघणारा. बघणारा सगळ्यात जास्त शिकतो. धुळ्याची एक नर्स, पारोळ्याचे एक डॉक्टर आणि मी, असा आमचा गट अडीच वर्षं दर रविवारी एका रिकाम्या वर्गखोलीत जमायचा. मेमध्ये पारा पंचेचाळिशीवर गेला की दुपारी तिथे बसवत नसे. मग सकाळी सात वाजता.

आणि हो, स्वतः कोणाकडे तरी समुपदेशनाला जा. किमान दहा बैठका. समोरच्या खुर्चीत बसून स्वतःचं काही सांगताना घसा कसा कोरडा पडतो, हे एकदा अनुभवलंत, की दुसऱ्याला 'बोला ना मोकळेपणाने' असं म्हणायची घाई तुम्ही करणार नाही.

संमोहनाचा सराव प्रत्यक्षात

सुरुवात संमोहनाने नको, शिथिलीकरणाने करा. एडमंड जेकबसन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बसवलेली पद्धत आजही उत्तम आहे: पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक स्नायू आवळायचा, पाच-सात सेकंद धरायचा, सोडायचा. हे शंभर वेळा करा, निम्मं स्वतःवर. आवाजाची लय यातूनच सापडते. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज हजेरी घेणाऱ्या बाईंसारखा होता. मुलं हसली असती.

मग बैठक बांधा. आधी निदान वीस-पंचवीस मिनिटं बोलणं: काय होतं, कधीपासून, औषधं कोणती चालू आहेत, झोप किती. त्यानंतर संमोहन म्हणजे काय हे समजावून सांगा: झोप नाही, बेशुद्धी नाही, एखाद्या गोष्टीत लक्ष इतकं गुंतणं की बाकीचं मागे पडतं. बसच्या खिडकीत तंद्री लागून स्टॉप निघून जातो, ते उदाहरण आमच्याकडे पटकन पटतं. 'तुमच्या मनाविरुद्ध मी काही करवून घेऊ शकत नाही आणि नको वाटलं तर डोळे उघडायचे,' हे दोनदा सांगा. गावात संमोहन म्हटलं की वशीकरण आठवतं, आणि स्नेहसंमेलनाच्या स्टेजवर कच्चा कांदा सफरचंद म्हणून खाणारा मुलगा आठवतो. त्या खेळात पुढे येणारी मुलं आधीच निवडलेली असतात, सूचना लवकर घेणारी. सगळी माणसं तेवढी सूचनाक्षम नसतात. स्टॅनफर्डमध्ये वाइट्झेनहॉफर आणि हिल्गार्ड यांनी १९५९ मध्ये हे मोजायची फूटपट्टीच बनवली. काहींना जवळजवळ काहीच होत नाही. तो त्यांचाही दोष नाही, तुमचाही.

छोटी चाचणी म्हणून लिंबू वापरा. डोळे मिटून ताजं लिंबू कापल्याची, रस जिभेवर पडल्याची कल्पना करायला सांगा. तोंडाला पाणी सुटलं, की माणूस स्वतःच म्हणतो, 'अरे, खरंच होतं!' पन्नास वाक्यांत जे समजावता आलं नसतं ते तिथे समजतं.

मग प्रवेश: एका बिंदूवर नजर, जड होणाऱ्या पापण्या, डोळे मिटणं. त्यानंतर खोलवर नेणं, साधारणपणे दहा ते एक मोजत जिना उतरण्याचं चित्र. इथे एक टीप: विहिरीच्या पायऱ्या वापरू नका. आमच्या गटात एकदा तसं केलं आणि समोरच्या बाई दचकून उठल्या, कारण त्यांच्या जाऊबाईंनी विहिरीतच जीव दिला होता. चित्र त्यांनाच निवडू द्या. कोणी केळीच्या बागेत बसतं, कोणी तापीच्या काठावर, कोणी आजीच्या ओट्यावर.

सूचना लहान, होकारार्थी आणि आधीच्या संभाषणातून आलेल्या असाव्यात. 'घाबरणार नाही' यापेक्षा 'पेपर हातात आल्यावर आधी एक श्वास, मग पहिला प्रश्न'. सूचनेचं वाक्य माणसाच्या स्वतःच्या तोंडचं असेल तर आणखी चांगलं.

आणि बाहेर आणणं. हे कधीही टाळू नका, समोरचा पूर्ण जागा दिसत असला तरी. एक ते पाच मोजा, हातपाय जड राहिले नाहीत ना विचारा, नाव-वार-ठिकाण बोलू द्या, पाणी द्या. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं मोटरसायकलला किल्ली लावू देऊ नका. कोणी मध्येच रडू लागलं तर माझ्यासारखं खांदा हलवू नका. आवाज शांत ठेवा, 'मी इथे आहे, तुम्ही अमळनेरला माझ्यासमोर बसला आहात, रडू येऊ द्या' असं म्हणत सावकाश बाहेर आणा आणि मग बोला. त्या दिवशी पुन्हा आत नेऊ नका.

गंमत म्हणून एक इतिहास सांगते, कारण वर्गात कोणीच सांगत नाही. क्लोरोफॉर्म येण्याआधी, १८४५ मध्ये, बंगालातल्या हुगळीत जेम्स एस्डेल नावाच्या स्कॉटिश सर्जनने कैद्यांवर याच प्रकारच्या तंद्रीत शस्त्रक्रिया केल्या. तेव्हा त्याला मेस्मेरिझम म्हणत. कैद्यांना नकार देता येत होता का, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. संमती घेण्याबद्दल मी जरा जास्तच काटेकोर झाले, त्याला हेही एक कारण असावं.

इथे थांबायचं

कानात आवाज येणं, कोणी मागावर आहे असा पक्का संशय, तीन-तीन दिवस न झोपता उत्साह उतू जाणं, फिट येणं, भान हरपणं, आत्महत्येचे विचार. यांतलं काहीही असेल तर संमोहन नाही. थेट मानसरोगतज्ज्ञाकडे. पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची मोफत प्रश्नावली मराठीतही आहे. गुण शून्य ते सत्तावीस. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. त्यावर शून्याशिवाय काहीही उत्तर आलं, तर मी बाकीची बेरीजही करत नाही, आधी त्याच विषयावर बोलते. सरळ विचारल्याने माणसाच्या डोक्यात विचार घातला जात नाही. उलट त्याला सुटल्यासारखं होतं.

टेबलाच्या काचेखाली एक यादी ठेवा: टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६, मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, तातडीला ११२, आणि जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसरोग विभागाची बाह्यरुग्ण वेळ. जवळच्या दोन मानसरोगतज्ज्ञांना स्वतः जाऊन भेटा. 'मी गोळ्या बंद करायला कधीच सांगणार नाही आणि शंका आली की तुमच्याकडे पाठवीन,' हे तोंडावर सांगा. मी गेले तेव्हा एक डॉक्टर आधी त्रासलेले दिसले. वर्षभरात त्यांनीच माझ्याकडे माणसं पाठवायला सुरुवात केली.

माणूस तुमच्याआधी भगताकडे जाऊन आलेला असेल. त्यावरून भांडू नका. 'तिथे काय केलं, कसं वाटलं?' एवढं विचारा. त्या उत्तरात घरातली अर्धी परिस्थिती कळते. पण भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण झाली असेल किंवा साखळीने बांधून ठेवलं असेल, तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे, आणि हे घरच्यांना स्पष्ट सांगा.

बोली

पुस्तकातलं 'चिंता' आणि 'नैराश्य' इथे कोणी आणत नाही. येतं ते 'जीव घाबरस', 'डोकामा इचार फिरतस', 'हातपाय गळून जातात', 'छातीवर गॅस चढतो'. ते शब्द तसेच वहीत लिहा आणि तेच परत वापरा. माझ्याकडे येणाऱ्या साठीच्या एका बाईंना प्रमाण मराठीत सूचना दिल्या की त्या नीट बसत, पदर सावरत, जणू शाळा तपासणी चालू आहे. एक दिवस मी अहिराणीत म्हणाले, "आते डोया मिटी ल्या. आंग ढिलं सोडी द्या. काही घाई नही." त्यांचे खांदे तिथेच खाली आले. यावल-रावेरकडे लेवा बोली वेगळी, सातपुड्याच्या पायथ्याला पावरी-भिलोरी. येत नसेल तर ओढूनताणून बोलू नका, ते ऐकवत नाही; निदान समजण्याइतकी शिका.

देखरेख आणि वही

ब्रिटनच्या समुपदेशकांच्या बीएसीपी या संघटनेत मान्यताप्राप्त (अॅक्रेडिटेड) सदस्यांना महिन्याला किमान दीड तास देखरेख घ्यावीच लागते, म्हणजे अनुभवी माणसासमोर आपली कामं मांडून तपासून घेणं. आपल्याकडे कोणी विचारत नाही, म्हणून तुम्हीच स्वतःवर हे बंधन घाला. मी पुण्याच्या एका ज्येष्ठ बाईंना दर पंधरा दिवसांनी व्हिडिओवर भेटते आणि त्याचे पैसे देते. पहिल्या वर्षी कमाईपेक्षा देखरेखीची फी जास्त झाली होती.

नोंदी कुलपात. माणसांची नावं वेगळ्या वहीत, बैठकीच्या नोंदी क्रमांकाने. गोपनीयता कुठे संपते, हे पहिल्याच दिवशी सांगा: जिवाला धोका असेल तर घरच्यांना कळवणार, आणि बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं मला बंधनकारक आहे. छोट्या गावात दुसरी अडचण अशी, की तुमच्याकडे येणारी सून आणि तिची सासू दोघी तुमच्या ओळखीच्या. मी माझ्या शाळेतल्या पालकांना, नात्यातल्यांना आणि गल्लीतल्यांना घेत नाही. पारोळ्याच्या डॉक्टरांकडे पाठवते, ते त्यांची माणसं माझ्याकडे पाठवतात.

पहिली माणसं

पहिले सहा महिने फी घेऊ नका, पण 'मी अजून शिकते आहे आणि माझं काम दुसरी व्यक्ती तपासते' हे लिहून सही घ्या. नंतर फी ठरवा आणि ती दारावर लावा. आमच्याकडे पैसे नाहीत म्हणणारा माणूस पुढच्या वेळी शेतातली केळी किंवा भरताची वांगी घेऊन येतो. मी ती घेत नाही, कारण मग त्याला नाराजी बोलून दाखवता येत नाही. त्यापेक्षा दर आठवड्याला दोन वेळा निम्म्या फीच्या ठेवते.

वेळा ठरवताना शेतीचं वेळापत्रक बघा. कपाशीची वेचणी सुरू झाली की संध्याकाळी सातच्या आत कोणी येत नाही, आणि आलं तरी बोटं चिरलेली, पाठ मोडलेली असते. त्या दिवसांत मी संमोहनाची खुर्ची बाजूला सारते, सतरंजी घालते आणि शिथिलीकरणापर्यंतच थांबते. बहुतेक जण पंधराव्या मिनिटाला घोरू लागतात. तेवढ्यापुरतं मात्र, मी माणसाला झोपवते हे बाजारातल्या लोकांचं म्हणणं खरं ठरतं.